मूळची कुठली गं तू?

शाळेत मी व्हॉलीबॉलच्या टीममध्ये लिफ्टर होते. उंची बेताची, त्यामुळे स्मॅश मारायचं भाग्य काही लाभलं नाही. म्हणूनच की काय, पाओला एगोनूची मॅच टीव्हीवर लागली की आमच्याकडे चहा हमखास गार होतो. सहा फूट चार इंच उंचीची ही इटालियन मुलगी नेटवर उडी घेते आणि असा काही स्मॅश मारते, की समोरच्या बायका नुसत्या बघत राहतात!

पाओलाचा जन्म १९९८ चा, इटलीतल्या चित्तादेल्ला या गावातला. आईवडील नायजेरियाहून आलेले. इटलीत नुसतं जन्माला आलं म्हणून नागरिकत्व मिळत नाही. वडिलांना ते मिळालं आणि मगच पाओला कागदोपत्री इटालियन झाली. खेळात मात्र ती कुणासाठी थांबली नाही. सतराव्या वर्षी रिओ ऑलिंपिक. २०१८ च्या जागतिक स्पर्धेत चीनविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये एकटीचे ४५ पॉइंट्स! २०१९, २०२१ आणि २०२३ अशी तीनदा युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली, तीही तीन वेगवेगळ्या क्लबांकडून. टोकियोत ऑलिंपिक ध्वज वाहणाऱ्या खेळाडूंमध्ये तिची निवड झाली. २०२३ मध्ये सानरेमोच्या प्रसिद्ध संगीत महोत्सवात सूत्रसंचालनालाही ती उभी राहिली. लोकप्रियता म्हणतात ती हीच ना?

पण गंमत बघा. २०२२ मध्ये जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळालं, त्याच दिवशी ही मुलगी कोर्टाच्या कडेला रडवेली होऊन सांगत होती, की लोक मला विचारतात, तू इटालियन कशी? देशासाठीची ही आपली शेवटची मॅच, असंही ती बोलून गेली. पोरीने पॉइंट्स काढायचे, मेडल आणायचं आणि वर हेही ऐकून घ्यायचं!

नशीब, ती परतली. ११ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये इटलीने अमेरिकेला ३-० असं हरवलं. ऑलिंपिक व्हॉलीबॉलमधलं इटलीचं हे पहिलंच गोल्ड. पुरुषांनाही तोवर ते जमलेलं नव्हतं! स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू अर्थातच पाओला. लाइका नावाच्या कलाकार बाईने रोममध्ये भिंतीवर तिचं चित्र काढलं, नाव दिलं 'इटालियनपण'. आणि दोन-तीन दिवसांतच कुणीतरी त्या चित्रातल्या काळ्या अंगावर गुलाबी रंग फासला.

ते वाचलं आणि मी गप्पच झाले. कारण 'मूळची कुठली गं तू?' हे मीही सर्रास विचारते. ट्रेनमध्ये ओळख काढायला, गाव जुळतं का बघायला. त्यात प्रेमच असतं. पण ईशान्येकडून शिकायला आलेल्या मुलीला दिवसातून चौथ्यांदा तेच विचारलं, तर तिला ते प्रेम वाटेल का? तिने आधीच सांगितलेलं असतं ना, की मी भारतीयच!

२०२५ मध्ये पाओलाच्या टीमने जागतिक विजेतेपदही पटकावलं. टाळ्या तिला भरपूर मिळतात हो. पण टाळ्या वाजवणं वेगळं आणि आपलं म्हणणं वेगळं. मैत्रिणींनो, मी ठरवलंय, यापुढे नव्या मुलीला आधी नाव विचारायचं. गावाचं तिला वाटलं तर सांगेल की ती!