भिंत रंगवायला पैसे आहेत, बाई ठेवायला नाहीत

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ झाला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना वाक्यं जरा सैल सुटतात, तेवढं चालवून घ्या.

लाखांदूर तालुक्यातल्या एका बचतगटाच्या ताईंनी विचारलं होतं, "दादा, मोठ्या लोकांचे फाउंडेशन लहान लेकरांसाठी पैसे देतात म्हणतात. आमच्या गावाले भेटतील का?" भेटतात. पण कशासाठी मागायचे, तिथंच सगळं अडतं.

आधी गरज कुठं आहे ते बघू. आपल्याकडं पऱ्हे तयार झाले की रोवणा लागतो. सकाळी घरातून निघालेली बाई संध्याकाळीच परत येते. अंगणवाडीत बसायचं ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी, तेही काही तास. तीनच्या आतल्या लेकरांना घरपोच आहार मिळतो, म्हणजे पाकीट घरी जातं. पण घरी ते शिजवून भरवायला कोण आहे? दीड वर्षाचं लेकरू मग आजीकडं राहतं, नाहीतर धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत, नाहीतर नऊ-दहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. बहिणीची शाळा तेवढे दिवस बुडते. त्यात आपला जिल्हा तलाव-बोड्यांचा. रांगणारं मूल आणि घरामागची भरलेली बोडी, याच्यावर मी जास्त बोलत नाही.

हे नवीन नाही बरं का. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आदिवासी आणि दलित मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढं कोसबाडला त्यांच्या आणि अनुताई वाघांच्या लक्षात आलं, की मोठी मुलगी शाळेत येत नाही कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड आहे. म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला आली, तिनं अंगणवाडी गावोगाव नेली. पाळणाघर मात्र मागंच राहिलं.

आता पैशाकडं येऊ. 'फाउंडेशन' म्हणून आपण ज्यांना एकाच टोपलीत टाकतो, ते तीन वेगळे प्रकार आहेत.

पहिला, घराण्याचा न्यास. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ चा. अझीम प्रेमजी फाउंडेशन अलीकडचं. आपल्या शेजारी वर्ध्यात बजाज कुटुंबाचं कमलनयन जमनालाल बजाज फाउंडेशन गावपातळीवर काम करतं. हे पैसे घराण्यानं एकदा बाजूला काढून ठेवलेले असतात. विश्वस्तांना पटलं तर ते दहा वर्षंही एखाद्या कामामागं उभे राहू शकतात.

दुसरा, कंपनीचा सीएसआर. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे, आणि आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं. इथं एक मेख आहे. नियमांत 'चालू प्रकल्प' म्हणजे ज्या आर्थिक वर्षात सुरू झाला ते सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणून बहुतेक कंपन्या तीन वर्षांच्या पलीकडं शब्दच देत नाहीत. दुसरी मेख म्हणजे ५ टक्क्यांची. प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर नको, असं संस्थेला ऐकवतात. पण ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे. गावातल्या संस्थेच्या पगारांना ती लागू नाही. बैठकीत हे नम्रपणे, पण सांगाच.

तिसरा प्रकार आपल्या जिल्ह्यात आहे आणि त्याच्याकडं कुणी बघत नाही. त्याच्याकडं शेवटी येतो.

मी स्वतः एका छोट्या संस्थेत असताना आम्ही पाळणाघर चालवलं. गावातल्याच दोन बाया, समाजमंदिराची एक खोली, दुपारी खिचडी आणि अंडं, महिन्याला वजन. पैसे एका देणगीदाराचे, नाव घेत नाही. तीन वर्षं नीट चाललं. चौथ्या वर्षी आम्ही पुन्हा अर्ज केला, तर निरोप आला की पगारासाठी तरतूद नाही, पण खोली रंगवून, खेळणी आणि टीव्ही देता येईल. खोली रंगली. भिंतीवर हत्ती आला, मोर आला. रोवण्याच्या पहिल्या दिवशी एक बाई लेकरू घेऊन दारात आली. बंद झाल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती हत्तीकडं बघत दोन मिनिटं थांबली आणि लेकरू घेऊन तशीच बांधीकडं गेली. सांगायचं काम माझं होतं.

चूक एकट्या देणगीदाराची नव्हती. चौथ्या वर्षाचं काय, हे आम्ही पहिल्या वर्षी विचारलंच नाही. भिंतीचा फोटो काढता येतो. मूल दिवसभर सुरक्षित राहिलं, याचा फोटो कसा काढणार? पाळणाघराचा खरा खर्च म्हणजे सांभाळणाऱ्या बायांचं मानधन आणि रोजचं अन्न. अर्जात हीच ओळ सगळ्यात वर लिहा. रंग, खेळणी वगैरे खाली, आणि कापायचंच झालं तर तिथं कापा.

कागद कोणते लागतील? संस्थेची नोंदणी, आयकराची १२अ आणि ८०जी, कंपनीचे पैसे हवे असतील तर सीएसआर-१. परदेशी पैशाच्या मागं लागू नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं तो दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही असा नियम आहे, त्यामुळं मोठ्या संस्थेमार्फत लहानीला मिळायची वाट बंद झाली. बचतगटाकडं यातलं काहीच नसेल, तर ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेला सोबत घ्या आणि बायांची निवड गावानं करायची, हे आधीच कागदावर आणा.

आता तिसरा प्रकार. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मॅंगनीजच्या खाणी आहेत. २०१५ पासून खाणवाल्यांना रॉयल्टीशिवाय जिल्हा खनिज प्रतिष्ठानमध्ये रक्कम भरावी लागते. जुन्या पट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावाच्या नव्या पट्ट्यांना १० टक्के. खाणबाधित भागात हा पैसा ज्या कामांवर आधी खर्च करायचा, त्यात महिला आणि बालकांचं कल्याण स्पष्ट लिहिलेलं आहे. ओडिशातल्या केओंझर जिल्ह्यात याच निधीतून पाळणाघरं चालवली गेली. लाखांदूरच्या ताईंना याचा थेट उपयोग कमी, पण तुमसरकडच्या श्रोत्यांनी ग्रामसभेचा ठराव करून तो वर पाठवावा. आणि ग्रामपंचायत कुठलीही असो, स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. रक्कम लहान असते, पण एका रोवण्यापुरती दोन बायांची मजुरी काही गावांत त्यातून निघू शकते.

ताईंना मी हेच कळवलं. त्यांचा उलट निरोप आला, की पुढच्या ग्रामसभेत त्या १० टक्क्यांचा हिशेब मागणार आहेत. ग्रामसेवकांनी आधीच विचारलंय म्हणे, तुम्हाला हे कुणी सांगितलं.