अमेरिकेत ‘लग्न म्हणजे काय’ हे राज्यांच्या घटनेत का लिहिलं गेलं? समजून घ्या सोप्या भाषेत

अमेरिकेत मतदानाच्या दिवशी मतपत्रिकेवर नुसती उमेदवारांची नावं नसतात. कित्येकदा त्यावर ‘राज्याच्या घटनेत अमुक बदल करायचा का?’ असा प्रश्नही छापलेला असतो. १९९८ ते २०१२ या काळात तीसच्या आसपास राज्यांतल्या मतदारांनी अशाच एका प्रश्नाला ‘हो’ म्हटलं. लग्न फक्त एक पुरुष आणि एक स्त्री यांचंच, असं घटनेत लिहायचं का, हा तो प्रश्न.

राज्याची वेगळी घटना असते?

अमेरिकेत असते. देशाची एक घटना आणि ५० राज्यांच्या स्वतःच्या ५० घटना. लग्नाचे नियम मुख्यतः राज्य ठरवतं. आपल्याकडे महाराष्ट्राची वेगळी घटना नाही. लग्नाचा विषय समवर्ती सूचीत आहे, आणि घटनादुरुस्ती संसद करते. त्यासाठी लोकांचं थेट मतदान होत नाही.

साधा कायदा का पुरला नाही?

१९९३ मध्ये हवाई राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा परवाना नाकारण्यासाठी सरकारकडे सबळ कारण मागितलं. विरोधकांना धास्ती वाटली. कारण राज्याच्या घटनेत न बसणारा कायदा न्यायालय रद्द करू शकतं. पण तोच मजकूर घटनेत टाकला, की राज्याच्या न्यायालयाचे हात बांधले जातात. म्हणून घटनादुरुस्तीचा मार्ग निवडला गेला. २००३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने समलिंगी विवाहाच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्याच वर्षी १३ राज्यांनी अशी दुरुस्ती केली.

समर्थक म्हणत, एवढा मोठा निर्णय न्यायाधीशांनी नाही, लोकांनी घ्यावा. विरोधक म्हणत, कुणाचा हक्क बहुमताने ठरवायचा नसतो.

जोडप्यांचं काय झालं?

लग्नाच्या कागदावर वारसा, पेन्शन, विमा, दवाखान्यात जोडीदारासाठी सही करण्याचा अधिकार, असं बरंच काही अवलंबून असतं. कॅलिफोर्नियात मे २००८ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली. काही महिन्यांत सुमारे १८ हजार समलिंगी जोडप्यांनी लग्न केलं. नोव्हेंबरमध्ये ५२ टक्के मतांनी घटना बदलली आणि नवी लग्नं थांबली. आधी झालेली लग्नं वैध राहिली. म्हणजे एकाच गावात एका जोडप्याला हक्क होता, शेजारच्याला नव्हता. ही बंदी २०१३ मध्ये उठली.

मग देशभर मान्यता कशी मिळाली?

२६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला, की समलिंगी जोडप्यांनाही लग्नाचा हक्क आहे. देशाची घटना राज्यांच्या घटनेपेक्षा वरचढ असल्याने राज्यांमधल्या या बंदी लागू होईनाशा झाल्या.

मग आता वाद कशाचा?

बंदी लागू नाही, पण टेक्सास, जॉर्जियासारख्या राज्यांच्या घटनेत तो मजकूर अजून छापलेला आहे. २०२२ मध्ये गर्भपाताचा जुना निकाल रद्द झाला, तेव्हा न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लग्नाच्या निकालाचाही फेरविचार व्हावा, असं लिहिलं. तो निकाल कधी फिरला, तर झोपलेली कलमं जागी होऊ शकतात. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने कायदा करून, एका राज्यात वैध असलेलं लग्न दुसऱ्या राज्याने मानायचं, असं ठरवलं. पण तो कायदा राज्याला नवं लग्न लावून द्यायची सक्ती करत नाही.

म्हणूनच काही राज्यांनी स्वतःच जुना मजकूर काढायला घेतला. नेवाडाने २०२० मध्ये, तर कॅलिफोर्निया, कोलोराडो आणि हवाईने २०२४ मध्ये मतदान घेऊन तो बदलला.

भारतात काय स्थिती?

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. हा निर्णय कायदेमंडळाने घ्यायचा, असं न्यायालय म्हणालं. तिकडे असो वा इकडे, लग्नाची व्याख्या न्यायालयाने ठरवायची, निवडून दिलेल्या सभागृहाने की थेट मतदाराने, यावरच सगळा वाद अडलेला आहे.