पूर ओसरला, पण जमिनीखालचा नाही

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. असा पूर उतरला की घरोघरी एकच लगबग सुरू होते : चिखल काढा, विहीर उपसा, सेप्टिक टाकी रिकामी करून घ्या. चिखल काढायची घाई योग्यच. बाकीच्या दोन्ही घाया महागात पडू शकतात.

कारण रस्त्यावरचं पाणी गेलं तरी जमिनीतलं गेलेलं नसतं. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी सोडायला फार वेळ घेते. अशा वेळी मोटार लावून विहीर एकदम उपसली, तर आतून आधार देणारं पाणी जातं, बाहेरच्या मातीचा आणि पाण्याचा दाब तेवढाच राहतो आणि जुनं बांधकाम ढासळू शकतं. टाकीची तऱ्हा थोडी वेगळी. रिकामी टाकी भोवतीच्या पाण्यावर होडीसारखी उचलली जाते आणि जोडलेले पाइप तुटतात. फायबरच्या हलक्या टाकीला हा धोका जास्त.

मुळात सेप्टिक टाकीचं अर्धं काम टाकीबाहेरच होतं. आत गाळ तळाशी बसतो, ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू तो कुजवतात. वरचं पाणी शोषखड्ड्यातून मुरतं आणि त्यातले रोगजंतू अडवते ती माती. तीच तुडुंब असेल तर मैलापाणी संडासाच्या भांड्यातून उलटतं, नाहीतर जवळची विहीर गाठतं. भांड्यातलं पाणी उतरत नसेल तर तो संडास काही दिवस बंद ठेवावा आणि टाकीत जाणारं मोरीचं पाणीही थांबवावं. वास येतो म्हणून टाकीत ब्लीचिंग पावडर ओतू नये. त्यानं कामाचे जिवाणूच मरतात.

ती पावडर विहिरीसाठी. नेहमीचं प्रमाण हजार लिटरला साधारण 2.5 ग्रॅम. विहिरीचा व्यास 4 मीटर आणि पाणी 5 मीटर खोल असेल, तर ते सुमारे 63 हजार लिटर भरतं. म्हणजे 160 ग्रॅमच्या आसपास ताजी पावडर. पुरानंतर एवढी पुरत नाही, कारण पाण्यातला गाळ आणि कुजलेला पाला क्लोरीन खाऊन टाकतात. वाढीव मात्रा ग्रामपंचायतीच्या किंवा आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्याकडून ठरवून घ्यावी आणि तासाभरानं पाण्यात उरलेलं क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट करायला सांगावी. पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळीच विहिरीत सोडायची. बोअरचं तोंड बुडालं असेल तर तेही पाणी दूषितच समजावं.

तोवर प्यायचं पाणी तुरटीनं निवळून, गाळून, खळखळ उकळावं. काविळीचे विषाणू आणि पटकीचे जिवाणू उकळल्यानं मरतात. कीटकनाशक किंवा डिझेल मात्र उकळून जात नाही. उसाच्या पट्ट्यात ही भीती खरीच आहे. तसा वास आला तर ते पाणी सोडून टँकरचंच वापरावं.

जमीन वाळल्यावर टाकी उपसायची, तीही यंत्रानं. टाकीत साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकाला त्याचा वासच कळेनासा होतो, म्हणून वास नाही यावर विसंबून झाकणातून डोकावूही नये. आत कुणी कोसळलं तर वाचवायला मागोमाग उतरू नये. लगेच अग्निशमन दलाला बोलवावं.