शेतांतील व माळरानांतील विणीच्या पक्ष्यांची गणना

पावसाळ्याच्या तोंडावर पडीक शेतातून जाऊ लागले की टिटवी डोक्यावर घिरट्या घालीत ओरडू लागते. जवळच उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगात मिसळून गेलेली तिची अंडी असतात, हे खेड्यातील लहान मुलासही ठाऊक असते. परंतु गावाच्या शिवारात अशा किती जोड्या वीण करतात आणि दहा वर्षांपूर्वी किती करीत असत, असे विचारल्यास निश्चित उत्तर मिळत नाही. ‘पूर्वी पुष्कळ होत्या’ एवढेच सांगितले जाते. स्मरण हे माप नव्हे. असे माप कसे सिद्ध होते, याचे उत्तम उदाहरण उत्तर अमेरिकेत सापडते.

१९६२ साली रेचेल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथाने कीटकनाशकांमुळे होणाऱ्या पक्ष्यांच्या हानीकडे लोकांचे लक्ष वेधले. पक्षी मरत असल्याचे ठिकठिकाणी दिसत होते. पण सर्व देशात त्यांची संख्या घटत आहे किंवा कसे, हे जाणण्याचे साधन नव्हते. पक्षिशास्त्रज्ञ चँडलर रॉबिन्स यांच्या पुढाकाराने १९६६ साली विणीच्या पक्ष्यांची वार्षिक गणना सुरू झाली. तिची रीत साधी आहे. रस्त्याचा सुमारे ३९ किलोमीटरांचा मार्ग ठरवितात. त्यावर सुमारे ८०० मीटरांच्या अंतराने ५० थांबे असतात. प्रत्येक थांब्यावर ३ मिनिटे उभे राहून, ४०० मीटरांच्या आत दिसलेला आणि कानी पडलेला प्रत्येक पक्षी नोंदवितात. प्रारंभ सूर्योदयापूर्वी अर्धा तास होतो. पुढील वर्षी पुन्हा तोच मार्ग व तेच थांबे.

या रीतीने सर्व पक्षी मोजले जात नाहीत, अशी शंका येईल. ती खरी आहे. पर्जन्यमापकातही गावावर पडलेले सर्व पाणी साठत नाही. तरी यंदाचा पाऊस गतवर्षीपेक्षा किती कमी, हे तो अचूक सांगतो. कारण त्याची जागा व माप बदलत नाही. पक्षिगणनेचे तत्त्व हेच होय. प्रामुख्याने या नोंदींच्या आधारे २०१९ साली असे दाखवून देण्यात आले की, १९७० पासून उत्तर अमेरिकेतील सुमारे २९० कोटी पक्षी घटले. सर्वांत मोठा आघात प्रेअरीसारख्या गवताळ प्रदेशांतील पक्ष्यांवर झाला; त्यांची संख्या ५३ टक्क्यांनी उतरली. गवताळ जमीन नांगराखाली जाणे, कीटकनाशकांचा वापर, पिले उडू लागण्यापूर्वीच होणारी गवताची कापणी, ही त्याची काही कारणे होत.

गणनेसाठी विणीचा हंगामच का निवडावा? या काळात जोडी आपल्या जागेशी बांधलेली असते व नर पहाटे गाऊन ती जागा राखतो. त्यामुळे गवतात दडलेला पक्षीही कानांनी मोजता येतो. मात्र पक्षी दिसला म्हणजे तो तेथे वीण करतो, असे नव्हे. योग्य जागी गाणारा नर ही केवळ शक्यता. चोचीत काडी नेणारा पक्षी हा बळकट पुरावा. पिलांसाठी किडे नेणारा पक्षी किंवा नुकतेच उडू लागलेले पिलू ही खात्री. या तीन पायऱ्या वहीत वेगळ्या नोंदवाव्यात.

घरटी मोजण्यातही सावधपणा हवा. सुगरणीचा नर घरटे अर्धे विणतो. मादीने ते पसंत केले तर पुरे करतो आणि पुढे दुसरे विणू लागतो. ही गोष्ट डॉ. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळील किहीम येथे बारकाईने पाहिली. तेव्हा बाभळीवर वीस घरटी लोंबत असली, तर तेथे वीस जोड्या आहेत असे मानणे चुकीचे ठरेल.

खेड्यातील शाळेस हे कार्य सहज करता येईल. शिवारातून व माळावरून जाणारी सुमारे दोन किलोमीटरांची पाऊलवाट निवडावी. दर २०० मीटरांवर एक याप्रमाणे १० थांबे झाड, विहीर, बांध अशा खुणांनी ठरवावेत. जुलै महिन्यातील पाऊस-वारा नसलेल्या पहाटे प्रत्येक थांब्यावर ५ मिनिटे गणना करावी. शिक्षकाने पक्षी ओळखावेत, मुलांनी टिपून घ्यावे. ओळख न पटलेल्या पक्ष्यास अंदाजाने नाव देऊ नये. ‘अनोळखी’ असे लिहावे. थांब्यावर काहीच न आढळल्यास शून्य अवश्य मांडावे. शून्य हीही नोंदच आहे. वाट सोडून घरटी शोधीत हिंडू नये. पक्षी अंड्यांवरून उठला की अंडी उन्हापावसात उघडी पडतात आणि कावळ्यास त्यांचा सुगावा लागतो. वन्य पक्ष्यांची अंडी उचलणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अपराध आहे, हेही मुलांस समजावून द्यावे.

एका वर्षाच्या आकड्यांवरून अनुमान काढू नये. पर्जन्यमानाप्रमाणे संख्या खालीवर होते. खरे मोल अनेक वर्षांच्या सलग नोंदींचे. शिक्षकांची बदली होते. म्हणून वही शाळेच्या दप्तरी ठेवावी आणि शक्य असल्यास नव्या शिक्षकाने एकदा जुन्या शिक्षकासोबत ती वाट चालावी.

माळढोकासाठी सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांतील माळरानांवर १९७९ साली अभयारण्य घोषित झाले. तरीही आज नान्नजच्या माळावर त्याचे दर्शन अत्यंत दुर्मिळ झाले आहे. हा पक्षी मोठा, म्हणून त्याचे नाहीसे होणे लोकांच्या ध्यानी आले. चंडोल लहान असतो. तो एखाद्या शिवारातून गेला तर कोणास कळणारही नाही. ते वेळीच कळावे, यासाठी शाळेच्या वहीतील ती एक ओळ दरवर्षी लिहिली गेली पाहिजे.