मुंबईची नदी कुठाय?

पावसाळ्यात कोल्हापूरच्या कसबा बावड्यात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला : बंधाऱ्यावर किती फूट? पंचगंगा नदीवरचा राजाराम बंधारा आमच्या बावड्यातच. पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 फुटांवर धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 55 फुटांच्याही वर चढली होती. त्यामुळे ऑफिसच्या कामासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं पहिल्यांदा मुंबईत उतरलो, तेव्हा टॉवर आणि लोकलची गर्दी पाहतानाही डोक्यात एकच घोळत राहिलं. एवढी माणसं पितात ती नदी कुठाय?

मिठी नदी दिसली. पण तिचा उगमच विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यात, आणि तिचं पाणी कुणी पीत नाही. दादरच्या लॉजमध्ये पहाटे नळाला जे पाणी आलं, ते फार लांबून आलं होतं.

मुंबईला रोज साडेतीनशे कोटी लिटरहून जास्त पाणी पुरवलं जातं, सात तलावांतून. विहार आणि तुळशी शहरातच, जंगलात. विहारचं पाणी 1860 मध्ये सुरू झालं. बाकीचे पाच ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांत. तानसाचं पाणी 1892 मध्ये आलं, सुमारे 100 किलोमीटरवरून. काळम्मावाडी धरणापासूनच्या थेट पाईपलाईनसाठी कोल्हापूरनं किती वर्षं आंदोलनं केली, हे आठवलं की त्या कामाचा आवाका कळतो. आमच्याकडं ते पाणी पोचलं 2023 मध्ये, आणि अंतर तानसाच्या निम्मं!

खरी थक्क करणारी गोष्ट पुढंच आहे. तानसा आणि वैतरणा तलावांचं पाणी भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत पंपाशिवाय येतं. तलाव उंचावर, शहर समुद्रालगत. बंद पाईपमधलं पाणी आपली मूळ पातळी गाठायला धडपडतं, म्हणून वाटेत कितीही खोल उतरलं तरी पलीकडं पुन्हा वर चढतं. घर्षणात थोडी उंची खर्च होते, एवढंच. गुंदवली ते भांडुप हा सुमारे 15 किलोमीटरचा बोगदा जमिनीखाली शंभरेक मीटरवर आहे. तिथं उतरलेलं पाणी भांडुपला आपल्या बळावर वर येतं. मी हे कागदावर आकृती काढून पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि दर वेळी तितकंच नवल वाटलं.

भातसा तलावाच्या पाण्याचं तसं नाही. ते आधी नदीत सोडतात, मग खाली पिसे इथल्या बंधाऱ्यावर उचलून पंपानं पुढं ढकलतात. म्हणजे मुंबईच्या घोटातही एक बंधारा आहेच.

शुद्ध झालेलं पाणी टेकड्यांवरच्या टाक्यांत साठतं. मलबार हिलचं हँगिंग गार्डन अशाच एका टाकीच्या डोक्यावर आहे. तिथून चावीवाले दिवसरात्र व्हॉल्व्ह फिरवून एकेका वस्तीला तिच्या वेळेचं पाणी देतात.

जुलैत सह्याद्रीवर एकच पाऊस कोसळत असतो. बावडा फूट मोजतो, पाणी चढू नये म्हणून. मुंबई तलावांचे टक्के मोजते, पाणी चढावं म्हणून.

आणि ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. मुंबईचे अजस्र पाईप त्याच तालुक्यातून जातात. इगतपुरीच्या भावली धरणातून शहापूरच्या गावांना असंच उताराचं पाणी देण्याची योजना मंजूर आहे. मुंबईच्या पुढच्या कुठल्याही धरणाआधी ते पाणी त्या पाड्यांवर पोचायला हवं.