शेगडीतील हवेची वाट

लाकूड जाळून ऊब मिळविणे ही माणसाची फार जुनी रीत आहे. पेलेट-शेगडी मात्र अगदी अलीकडची. १९७३ मध्ये खनिज तेलाचे भाव भडकले आणि लाकडाच्या कारखान्यांत पडून राहणाऱ्या भुशाकडे अमेरिकेत इंधन म्हणून पाहिले जाऊ लागले. पुढे १९८० नंतरच्या दशकात, वॉशिंग्टन राज्यातील वैमानिकी अभियंते जेरी व्हिटफील्ड यांनी या इंधनावर चालणारी घरगुती शेगडी तयार केली. आज अमेरिकेप्रमाणे युरोपातही, विशेषतः इटलीत, ती पुष्कळ घरांत आढळते.

पेलेट म्हणजे कोरडा भुसा प्रचंड दाबाखाली साच्यातून काढून केलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची कांडी. तिला गोंद लागत नाही. लाकडातील लिग्निन उष्णतेने मऊ होते आणि तेच भुशाला बांधून ठेवते. चांगल्या कांडीत पाण्याचा अंश शेकडा १० हून अधिक नसतो. तिला ओल लागली की ती फुगते आणि तिचा पुन्हा भुसा होतो.

शेगडीच्या कोठीत ओतलेल्या कांड्या एक फिरते मळसूत्र थोड्याथोड्या पुढे सरकवते. त्या एका लहानशा लोखंडी वाटीत पडून जळतात. एक पंखा धूर नळीवाटे बाहेर ओढतो. त्यामुळे शेगडीच्या आत हवेचा दाब खोलीतल्यापेक्षा कमी राहतो आणि ताजी हवा वाटीच्या छिद्रांतून ज्वालेला मिळते. चुलीत आणि या शेगडीत खरा भेद आहे तो येथे. चुलीचा धूर आपल्या उष्णतेने आपणच वर चढतो; या शेगडीचा धूर विजेच्या बळावर ओढून न्यावा लागतो. हवेची ही वाट कोठे तुंबली किंवा फुटली, की संकट उभे राहिलेच म्हणून समजावे.

ती तुंबण्याचे नेहमीचे ठिकाण म्हणजे वाटी. राखेने छिद्रे बुजली की ज्वाला मंद आणि तांबूस होते, दाराची काच काळवंडते. अशा वेळी कांड्या पेट न घेता वाटीत साचत जातात, धुमसतात, आणि त्यांतून निघालेला ज्वालाग्राही वायू शेगडीत कोंडतो. तो एकाएकी पेटला तर दाराची काच फुटण्याइतका भडका उडू शकतो. म्हणून पेटविण्याचा पहिला प्रयत्न फसला, तर शेगडी थंड झाल्यावर वाटी रिकामी करावी आणि मगच पुन्हा पेटवावी. घाईने रॉकेल ओतणे हा तर निव्वळ अविचार होय.

दाराच्या कडेला उष्णता सोसणारी एक दोरी बसविलेली असते. ती झिजली आहे काय, हे पाहण्याची रीत सोपी आहे: थंड शेगडीच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे, पट्टी सहज ओढून निघाली तर दोरी बदलण्याची वेळ झाली. कोठीचे झाकणही घट्ट हवे. ते उघडे राहिल्यास हवा तेथून खेचली जाऊन विस्तव मळसूत्राच्या वाटेने कोठीकडे मागे येण्याचा संभव असतो.

वीज गेली की पंखा थांबतो, पण वाटीतले निखारे थांबत नाहीत. दार उघडून पाहण्याचा मोह आवरावा. उघडल्यास सारा धूर खोलीत येतो. नळीचा काही भाग उभा, वर जाणारा असला, तर उरलेला धूर आपोआप बाहेर पडण्यास मदत होते. घराचा कोपरा शोभेल की नाही याचा विचार करणारे पुष्कळ असतात. नळीचा हा विचार बसवितानाच व्हायला हवा.

धुराचा निदान वास तरी येतो. कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही आणि रंगही नाही. रक्तातील हीमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने जखडतो. डोके दुखू लागते, मळमळते, आणि माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. उत्तर भारतात कडाक्याच्या थंडीत बंद खोलीत सिगडी पेटवून झोपलेली कुटुंबे दगावतात, ती याच वायूने. शेगडी आधुनिक असली म्हणून वायू बदलत नाही. झोपण्याच्या खोलीजवळ या वायूची सूचना देणारे यंत्र बसविणे अगत्याचे आहे.

काढलेली राख थंड दिसली तरी तिच्या पोटात निखारे कित्येक तास, प्रसंगी दिवसभरही, जिवंत राहतात. ती झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून घराबाहेर, लाकडापासून दूर ठेवावी. घरातल्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ती ओढू नये.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. न पेटविलेल्या कांड्यांच्या मोठ्या साठ्यातूनही कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, कारण लाकडातील स्निग्धाम्लांचे मंद ऑक्सिडीकरण चालूच असते. दोन-चार पोती घरात असली तर भय नाही. परंतु युरोपात टनावारी कांड्या साठविलेल्या बंद कोठारांत शिरलेली माणसे मृत्यू पावली आहेत. अशा कोठाराचे दार उघडून आत हवा पुरेशी खेळू द्यावी, आणि बाहेर दुसरे कोणी उभे असल्याखेरीज आत पाऊल टाकू नये.