ऐकणे : ख्रिस्ती जीवनातील विश्वास आणि आज्ञापालन

‘पोरगा ऐकत नाही,’ अशी तक्रार आई करते, तेव्हा पोराचे कान शाबूत आहेत हे तिला ठाऊक असते. मराठीत ‘ऐकणे’ म्हणजे कानावर पडणे आणि तसे वागणेही. बायबलच्या जुन्या कराराची भाषा हिब्रू. तिच्यातील ‘शमा’ या क्रियापदालाही हे दोन्ही अर्थ आहेत. देवाच्या सामर्थ्यावरचा विश्वास आणि त्याच्या आज्ञेचे पालन ही जोडी ख्रिस्ती विचारात का फुटत नाही, याचे उत्तर या एका शब्दात आहे. आणि त्या उत्तराचा एक धागा आमच्या गोंदियावरून गेला आहे.

१८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. ही वाट गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा करीत डोंगरगडकडे जाते. डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी ओळख झाली. त्याने टिळकांना बायबल दिले व ते वाचण्याचा आग्रह धरला. टिळक वाचू लागले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी खिळले.

त्या प्रवचनाचा शेवट पाहण्यासारखा आहे. वचने ऐकून तसे वागणारा खडकावर घर बांधतो, नुसता ऐकणारा वाळूवर. पूर मात्र दोघांच्याही दारी येतो. विश्वास ठेवला की संकट टळेल, असा शब्द तिथे दिलेला नाही; घर टिकेल, एवढाच दिला आहे.

टिळकांच्या दारीही पूर आला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चित्पावन घरातील आप्तांशी संबंध तुटले, पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण पतीची आज्ञा म्हणून त्यांनी धर्म बदलला नाही. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, हे मनाला पटले तेव्हा आधी त्यांचे सोवळे सुटले. बाप्तिस्मा १९०० साली झाला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ही घालमेल पानोपानी जाणवते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. देवाची आज्ञा पाळणे म्हणजे माणसांची ताबेदारी करणे नव्हे. १९१७ साली टिळकांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती. धर्मांतराने पहिला आधार सुटला होता, या निर्णयाने दुसरा सुटला. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते वारले.

मग देवाचे सामर्थ्य दिसते कुठे? पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आपल्या देहातील एका काट्याचा उल्लेख केला आहे. तो काढावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. सामर्थ्य दुर्बलतेतच पूर्ण होते, असा उत्तराचा आशय होता. चमत्काराची वाट पाहणाऱ्याला हे उत्तर रुचणारे नाही.

पण टिळकांच्या घरात त्याचा दाखला आहे. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले. नवऱ्याने ऐकलेले त्यांनी आपल्या कानांनी पुन्हा ऐकले होते, म्हणूनच त्यांना ते पुढे लिहिता आले.